तिसऱ्या स्टेजचा फुफ्फुसाचा कॅन्सर आणि सहा आठवड्यांचा शेक: नवं काय आलंय आणि त्यातलं तुमच्या वडिलांच्या कामाचं काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६४ वर्षांचे, सगळं आयुष्य यंत्रमागावर गेलं, बिडी तरुणपणापासून. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात साडेपाच सेंटीमीटरची गाठ, छातीच्या मधोमध असलेल्या लिम्फ नोडमध्येही (शरीरातल्या छोट्या रोगप्रतिकारक ग्रंथी) आजार पोचलेला, म्हणजे तिसरी स्टेज. मेंदूचा एमआरआय स्वच्छ. ऑपरेशन होणार नाही, केमोसोबत सहा आठवडे रेडिएशन घ्या, असं सोलापुरातल्या डॉक्टरांनी सांगितलं. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, शेकानं, म्हणजे रेडिएशननं, माणूस खंगतो, मामांचं तेच झालं. आणि नात्यातल्या एकाचं मुंबईत तीन दिवसांत काम झालं, मग आपण सहा आठवडे का काढायचे? प्रोटॉनचं मशीन आलंय म्हणे, त्याचं काय?

मी याच जिल्ह्यात रेडिएशनचं काम करतो आणि हे प्रश्न ओपीडीत रोज कुणीतरी विचारतं. तीन दिवसांच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

तुमच्या नातेवाइकांचं खोटं नाही. त्या उपचाराला एसबीआरटी म्हणतात. मूळ कल्पना स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधली, १९९० च्या दशकातली: गाठ लहान असेल तर नेम अगदी पक्का धरायचा आणि डोस प्रचंड द्यायचा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निकाल आले. ज्यांना ऑपरेशन झेपणार नव्हतं अशा रुग्णांच्या लहान गाठींना तीन सिटिंगमध्ये मिळून ५४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) दिले होते. तीन वर्षांनंतर सुमारे ९८ टक्के रुग्णांमध्ये ती मूळ गाठ पुन्हा वाढलेली नव्हती. त्याआधी अशा रुग्णांना साधं रेडिएशन दिलं जायचं तेव्हा असे आकडे स्वप्नातही नव्हते. फुफ्फुसाच्या रेडिएशनमधली गेल्या तीस वर्षांतली सगळ्यात मोठी उडी कोणती असं विचारलं तर मी हीच सांगेन. (तीन दिवस हेही लोकांचंच. दोन सिटिंगमध्ये अंतर ठेवतात, त्यामुळे एकूण आठवडा-दोन आठवडे जातातच.)

पण ही उडी पहिल्या स्टेजसाठी आहे. गाठ साधारण पाच सेंटीमीटरच्या आत हवी, लिम्फ नोड स्वच्छ हवेत आणि गाठ फुफ्फुसाच्या कडेला असली तर उत्तम. मुख्य श्वासनलिका आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्यापासून दोन सेंटीमीटरच्या आतल्या गाठींना हाच डोस दिला तेव्हा गंभीर दुष्परिणाम कितीतरी जास्त झाले, हे इंडियाना विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००६ मध्येच दाखवलं. आता मधल्या भागातल्या गाठींना डोस जास्त सिटिंगमध्ये वाटून देतात. तुमच्या वडिलांचे नोड तर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांना खेटून आहेत. तिथं तीन सिटिंगचा डोस टाकला तर कॅन्सरसोबत अन्ननलिकाही जाईल. नातेवाइकांचा आजार आणि वडिलांचा आजार यांचं नाव तेवढं एक आहे.

आता मामांचं. ते कोणत्या साली, कोणत्या मशीनवर झालं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं असेल तर चित्र मला माहीत आहे. एक्स-रे बघून छातीवर मोठा चौकोन आखायचा आणि समोरून नि पाठीमागून असे दोन झोत सोडायचे. आजार नसलेले नोडसुद्धा ‘असू दे’ म्हणून चौकोनात घ्यायचे, गळ्याच्या हाडावरपर्यंत. मणक्यातल्या मज्जारज्जूची सहन करण्याची हद्द साधारण ४५ ते ५० ग्रे, म्हणून अर्ध्याहून जास्त डोस झाला की झोत तिरके करायचे. त्या चौकोनात निम्मं निरोगी फुफ्फुस, बरंचसं हृदय आणि अख्खी अन्ननलिका यायची. माणूस खंगायचा ही गोष्ट खरीच आहे. गिळताच येत नसेल तर दुसरं काय होणार?

बदल झाला तो आजार नेमका कुठं आहे हे दिसायला लागल्यापासून. पेट-सीटी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी उजळून दाखवणारं स्कॅन, आलं आणि कोणत्या नोडमध्ये आजार आहे, कोणत्यात नाही हे बरंच स्पष्ट झालं. गाठीनं श्वासनलिका दाबली की तिच्यापुढचा फुफ्फुसाचा भाग हवा न मिळाल्यानं मिटतो; साध्या सीटीवर गाठ आणि मिटलेला भाग एकच पांढरा डाग दिसतो. पेटवर दोन्ही वेगळे कळतात. आता जिथं आजार आहे तिथंच डोस जातो, ‘असू दे’ म्हणून काही घेत नाहीत. हिशेबही सुधारले. फुफ्फुस म्हणजे बरीचशी हवा, आणि जुनी सॉफ्टवेअर तिथला डोस अंदाजानंच मोजायची. किरण हवेतून जाताना कसा पसरतो हे आजची सॉफ्टवेअर धरतात. त्यामुळे कागदावरचा ६० ग्रे आता छातीतही ६० च्या जवळपास असतो.

मशीनच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात, बऱ्याच मशीनमध्ये १२०. प्रत्येक पट्टी वेगळी पुढे-मागे सरकते. वडिलांना हे एका वाक्यात कळेल: जॅकार्डवर चादरीचं डिझाइन काढताना प्रत्येक धागा वेगळा उचलला जातो, तसं इथं झोताचं डिझाइन निघतं. यालाच आयएमआरटी म्हणतात. मशीन रुग्णाभोवती फिरत असताना हेच सगळं चालू राहिलं की ते व्हीमॅट; सिटिंग काही मिनिटांत उरकतं.

तरीही फुफ्फुसाच्या बाबतीत माझ्या मते खरी अडचण नेमाची नाहीच. गाठ हलते. श्वास आत-बाहेर होतो तशी गाठ वर-खाली होते. खालच्या भागातली गाठ एखाद-दोन सेंटीमीटर सहज सरकते, वरच्या भागातली कमी. म्हणून प्लॅनिंगच्या दिवशी फोर-डी सीटी करतात. वडिलांना टेबलावर निजवतील. खाली थर्माकोलच्या दाण्यांनी भरलेली पिशवी असते. तिच्यातली हवा ओढून घेतली की ती पाठीच्या आकारात घट्ट होते, आणि रोज त्याच साच्यात झोपायचं. दोन्ही हात डोक्याच्या वर. मागावर आयुष्य काढलेल्यांचे खांदे आखडलेले असतात, आणि वीस मिनिटं हात वर ठेवणं हीच अनेकांची पहिली तक्रार असते. ती आधीच सांगा, टेकू बदलता येतो. मग पोटावर एक छोटी डबी ठेवतात. कॅमेरा तिची हालचाल टिपतो आणि स्क्रीनवर श्वासाची लाट उमटते. एका श्वासाचे साधारण दहा टप्पे करून प्रत्येक टप्प्यावर गाठ कुठं आहे ते बघतात. बिडी ओढणाऱ्यांची लाट मध्येच खोकल्यानं तुटते, पुन्हा सावरते, पुन्हा तुटते. आमची टेक्निशियन मंडळी अशा वेळी घाई करत नाहीत. पाणी देतात, बोलतात, श्वास लयीत आला की पुन्हा सुरू करतात. इथं घाई झाली तर पुढचे सहा आठवडे चुकीच्या जागेवर नेम बसतो.

छातीवर केलेल्या खुणा पुसू देऊ नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात घामानं त्या दोन दिवसांत फिकट होतात. त्या घरी पेनानं पुन्हा काढायच्या नाहीत, आमच्याकडे येऊन गिरवून घ्यायच्या.

त्यानंतर आठवडाभर आम्ही आणि फिजिसिस्ट (डोसचा हिशेब करणारे तज्ज्ञ) स्क्रीनसमोर बसतो. रुग्णाला हे दिसत नाही, म्हणून त्याला वाटतं उगाच थांबवलंय. तेवढ्यात काय चालतं ते सांगतो. दोन्ही फुफ्फुसांपैकी २० ग्रे किंवा जास्त डोस मिळणारा भाग ३५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा असतो. तो खाली आणावा तर हृदयाचा डोस वर जातो. हृदय वाचवावं तर झोत अन्ननलिकेवर येतो. गाठ साडेपाच सेंटीमीटरची आणि नोड मधोमध असले की सगळं एकाच वेळी मनासारखं होत नाही; कुणाला किती झळ पोचू द्यायची हे माणसाला ठरवावं लागतं. ज्याची फुफ्फुसं बिडीनं आधीच निकामी आहेत त्याची निवड वेगळी, ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे त्याची वेगळी. म्हणून वडिलांची फुफ्फुसाची तपासणी आणि इको हे दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात असू द्या.

‘डोस वाढवून द्या, लवकर जाईल’ असंही काही जण म्हणतात. डॉक्टरांनाही कधीकाळी तसंच वाटायचं. म्हणून अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला: तिसऱ्या स्टेजच्या अर्ध्या रुग्णांना ६० ग्रे, अर्ध्यांना ७४. सगळ्यांची अपेक्षा होती ७४ जिंकणार. २०१५ मध्ये निकाल छापला गेला तेव्हा ७४ वाल्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण याहून जास्त जगतात तो काळ) २० महिने आणि ६० वाल्यांचं जवळजवळ २९ महिने निघालं. जास्त डोस म्हणजे जास्त नुकसान, आणि त्यात हृदयाला गेलेला डोस महत्त्वाचा होता. त्याच अभ्यासात आयएमआरटी मिळालेल्यांमध्ये फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीच्या निम्म्याहून कमी होतं, साधारण साडेतीन टक्के विरुद्ध आठ. तेव्हापासून ६० ग्रे, ३० सिटिंग, आठवड्यातले पाच दिवस हा ठोकताळा पक्का झाला. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेले सहा आठवडे इथून आले आहेत. केमो झेपत नसेल अशांना २० सिटिंगमध्ये ५५ ग्रे देण्याची पद्धतही आहे, इंग्लंडमध्ये ती बरीच वापरतात. वडिलांची तब्येत चांगली असेल तर केमो आणि रेडिएशन एकत्रच बरं. आधी केमो, मग रेडिएशन असं करण्यापेक्षा दोन्ही सोबत दिल्यानं पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण चार-साडेचार टक्क्यांनी वाढतं हे अनेक अभ्यास एकत्र करून सिद्ध झालंय. आकडा लहान वाटतो, पण या आजारात तो लहान नाही.

उपचार चालू असताना मशीनवरच छोटा सीटी निघतो, त्याला कोन बीम म्हणतात. तो रोज बघणं हाही नवा भाग. मागे एका टॉवेल कारखान्यातल्या मुकादमांचा उपचार चालू होता. गाठीनं त्यांच्या डाव्या फुफ्फुसाचा वरचा भाग मिटवलेला. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या कोन बीमवर तो भाग उघडलेला दिसला. गाठ आकसली, नळी मोकळी झाली, हवा शिरली. त्यांना तर नुसतं बरं वाटत होतं, जिना चढताना दम लागेनासा झाला होता. पण हवा भरल्यामुळे गाठ जागेवरून सरकली होती आणि जुन्या नकाशात ती कडेला पडत होती. त्या दिवशी सिटिंग थांबवून पुन्हा सीटी घेतलं, नवा प्लॅन केला. साध्या एक्स-रेवर हा फरक पकडणं अवघड. मुकादम मात्र वैतागले, ‘बरं वाटतंय आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करताय’ म्हणून.

तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना दुखायला लागेल. हे जवळजवळ सगळ्यांना होतं, कुणाला कमी, कुणाला जास्त. तेव्हा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बंद. आपल्याकडच्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिक्षा, पण भाकरीचा एक कोरडा तुकडा तिथं सुरीसारखा लागतो. दुधात नीट कुस्करलेली मऊ भाकरी, ताकातल्या कण्या, आंबील, पातळ खिचडी, केळं, अंडं चालत असेल तर अंडं. चहा कोमट. जेवणाआधी सुन्न करणारं औषध देतात, ते घेऊनच जेवायला बसायचं. वजन दर आठवड्याला बघा. अंगावरचं मांस झपाट्यानं उतरलं की पाठीचा साचा सैल पडतो आणि नेम बिघडतो, म्हणून आम्ही वजनाच्या मागे लागतो. बिडी आजच बंद. ‘आता काय फरक पडतो’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. बिडी चालू ठेवणाऱ्यांना किरणांचा गुण कमी येतो.

आणि खाडा नको. दोन-चार सिटिंग चुकली की मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी वाढून घेतात. नंतर ती भरून काढली तरी नुकसान पूर्ण भरून निघत नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत आणि आषाढीच्या आसपास आमच्या यादीत हमखास रिकाम्या जागा दिसतात. सिद्धेश्वर आणि पांडुरंग दोघंही सहा आठवडे थांबतील. मशीन बंद पडलं तर शनिवारी किंवा एका दिवसात सहा तासांच्या अंतरानं दोन सिटिंग देऊन भरपाई करायला सांगा, ते तुमच्या हक्काचं आहे.

रेडिएशन संपल्यानंतर काय द्यायचं, यात गेल्या सात-आठ वर्षांत जे झालं त्याकडे सोलापुरात अजून पुरेसं लक्ष जात नाही. पूर्वी सहा आठवडे झाले की ‘आता वाट बघू’ म्हणायचे. २०१७ मध्ये पॅसिफिक नावाच्या अभ्यासाचे पहिले निकाल आले, आणि पुढे त्याच अभ्यासानं दाखवलं की केमो-रेडिएशननंतर दीड महिन्याच्या आत ड्युर्व्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं) इंजेक्शन सुरू करून वर्षभर दिलं तर पाच वर्षं जगणारे ३३ टक्क्यांवरून जवळपास ४३ टक्क्यांवर जातात. मात्र ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाचा जनुकीय बदल आहे त्यांना या इंजेक्शनाचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी ओसिमर्टिनिब ही रोजची गोळी. २०२४ मधल्या लॉरा अभ्यासात ती घेणाऱ्यांचा आजार मध्यमानानं ३९ महिने आटोक्यात राहिला, न घेणाऱ्यांचा साडेपाच महिने. इंजेक्शन आधी आणि गोळी नंतर असं घाईत झालं तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. म्हणून बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके (असाच दुसरा जनुकीय बदल) तपासणी आत्ताच करून घ्या, सहा आठवड्यांनंतर नको. तुमच्या फाइलमधल्या रिपोर्टांच्या यादीत ती मला दिसली नाही. ड्युर्व्हॅलुमॅबचा खर्च लाखांत जातो आणि तो प्रत्येकाला झेपत नाही, हे मी रुग्णांना आधीच स्पष्ट सांगतो. कंपन्यांच्या सवलत योजना असतात, त्यांची चौकशी वेळेत सुरू करावी लागते. नाही जमलं तरी रेडिएशनचा फायदा कुठं जात नाही.

उपचार संपल्यावर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, दम असं सुरू झालं तर ती बहुधा रेडिएशनमुळे आलेली फुफ्फुसाची सूज असते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती आटोक्यात येते, पण त्या हळूहळू कमी करायच्या असतात. आपल्याकडे एक्स-रेवर पॅच दिसला की आधी टीबी आठवतो. बेडका तपासल्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू झालेले आणि तीन महिने वाया गेलेले रुग्ण माझ्याकडे येतात. रेडिएशन कुठं दिलं त्याचा प्लॅनचा कागद मागून घ्या, फाइलच्या सगळ्यात वर लावा आणि गल्लीतल्या डॉक्टरांनाही दाखवा. पॅच त्या नकाशाच्या आकारात बसत असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा तो रेडिएशनचाच.

घरातल्या आणखी एका भीतीचं उत्तर: बाहेरून दिलेल्या रेडिएशननं अंगात किरण उरत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.

प्रोटॉनबद्दल, म्हणजे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा झोत वापरणाऱ्या रेडिएशनबद्दल, थोडक्यात. चेन्नईत २०१९ मध्ये आणि टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ मध्ये ही सोय सुरू झाली. लहान मुलांच्या गाठी, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठी यांसाठी ते अनमोल आहे. फुफ्फुसाच्या तिसऱ्या स्टेजमध्ये मात्र अमेरिकेत प्रोटॉन आणि आयएमआरटी समोरासमोर लावून बघितलं तेव्हा, २०१८ च्या निकालात, सूज किंवा गाठ परत वाढणं यात फायदा दिसला नाही. त्यासाठी महिने वाट बघणं तर अजिबात नको.

मग मुंबई की सोलापूर? मत घ्यायला मुंबईला जरूर जा, टाटामध्ये फाइल दाखवा, त्याला दोन-तीन दिवस लागतील. उपचार मात्र घराजवळ घ्या, जर तिथं चार गोष्टी असतील: आयएमआरटी करणारं लिनॅक (रेडिएशनचं) मशीन, फोर-डी सीटी किंवा गाठीची हालचाल मोजायची दुसरी सोय, रोजचा किंवा निदान वरचेवर कोन बीम, आणि पूर्णवेळ फिजिसिस्ट. हे सरळ विचारा, कुणी रागावणार नाही आणि रागावलं तर ते उत्तरच समजा. जिल्ह्यात बार्शीलाही नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. सहा आठवडे मुंबईत खोली घेऊन, लोकलनं रोज फिरून, खाण्याचे हाल सोसून जो माणूस उपचार घेतो त्याचे खाडे जास्त होतात, वजनही जास्त उतरतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रेडिएशनची पॅकेजेस आहेत. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते प्लॅनिंग सीटीच्या आधी आरोग्यमित्राकडून (योजनेचा हॉस्पिटलमधला मदतनीस) तपासून घ्या, नाव दुरुस्तीत आठवडा जातो.

पेट-सीटी महिन्याहून जुनं असेल तर डॉक्टरांना सांगा, या आजारात महिन्यात चित्र बदलतं. ईजीएफआरचा रिपोर्ट यायला एक-दोन आठवडे लागतात, त्यासाठी रेडिएशन थांबवू नका. बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) पॅथॉलॉजीतून काढून तपासणीला उद्याच पाठवा.